पहिल्या केमोआधीचा ब्लॉक

पापुद्रे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच राहिलं. मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिथं माणसांच्या अंगातून काढलेल्या गाठींचे तुकडे तपासायला येतात, तिथं हे गृहस्थ आयुष्यभर पापुद्रे काढत बसले. इतके पातळ, की काच कागदावर ठेवली तर पापुद्र्यातून खालचं अक्षर वाचता यावं. आधी पापुद्रेवाला झाले, मग पापुद्रेकाका. नवे डॉक्टर चिठ्ठीवर सरळ 'श्री. पापुद्रे' लिहीत. काकांनी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. म्हणायचे, "बापाचं आडनाव मिळालेलं आहे, हे कमावलेलं आहे. असू द्या."

त्या कामाची रीत ठरलेली. तुकडा आधी औषधात मुरवायचा, मग वितळलेल्या मेणात बसवायचा. मेण निवलं की हाताच्या अंगठ्याएवढा ठोकळा तयार होतो, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक यंत्रात अडकवायचा, चाक फिरवायचं. प्रत्येक फेऱ्याला तो पात्यावरून घसरतो आणि पापुद्र्याला पापुद्रा चिकटून मेणाची फीत बाहेर येते. ती कुंचल्याच्या टोकानं उचलून कोमट पाण्यावर सोडायची. सुरकुत्या निघाल्या, की खालून काच घालून वर घ्यायची. हे सगळं श्वास धरून, कारण फुंकरीएवढ्या वाऱ्यानंही फीत उडते. काकांशी बोलायचं तर चाक थांबेपर्यंत थांबावं लागे. मोठ्या साहेबांनासुद्धा.

पूर्वी पातं पोलादाचं होतं. सकाळी काका चामड्याच्या पट्ट्यावर त्याला धार लावायचे आणि तो सर्र-सर्र आवाज ऐकला, की बाकीच्यांना कळायचं, दिवस सुरू झाला. भट्टीशेजारी मेणाचं पातेलं तापत असायचं. खोलीला कायम विझवलेल्या मेणबत्तीचा वास. तो शर्टात मुरायचा, जेवणाच्या डब्याला लागायचा आणि घरी जायचा.

घरी त्या वासाला नाक मुरडणारी बायको होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिची बोटं काकांच्या बोटांइतकीच नेमकी आणि जीभ त्याहून धारदार.

"मी काच घासून माणसांना जग दाखवते," ती म्हणायची. "आणि तुम्ही माणसालाच काचेवर ठेवता. आपल्या दोघांत पुण्य कोणाच्या वाट्याला जाणार, सांगा बघू."

"तुझ्या काचेतून दिसतं ते माझ्या काचेवर चालत नाही," काका म्हणायचे.

"अहो, तुमच्या काचेवरचं कुणाला बघायचंय? आधी कपडे बदला, मेणाचा पुतळा आलाय दारात."

मुलगी एकच. तिला पाण्याचं वेड. शाळा सुटली, की सार्वजनिक तलाव; तिथल्या फरशीवर ओली पावलं उमटवत ती संध्याकाळी उशिरा घरी यायची, केस निथळत, डोळे लाल. आईनं तिचं नाव मासोळी ठेवलं होतं. तिच्यासाठी आईनं दुकानात एका पोहण्याच्या चष्म्यात नंबराच्या काचा घासून बसवल्या होत्या. तशी सोय तेव्हा विकत मिळत नव्हती. मुलगी सांगायची, आता मला समोरची भिंत दिसते. आई म्हणायची, भिंत दिसली म्हणजे तिच्यावर डोकं आपटू नकोस.

मग आईच्या छातीत गाठ निघाली.

सुईनं काढलेला पहिला तुकडा काकांच्याच खोलीत आला. त्यांनी तो कापला नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं न बोलता ब्लॉक स्वतःकडे ओढून घेतला. डॉक्टरांचं ठरलं: आधी केमो द्यायची, गाठ लहान करायची, मग काढायची. केमो सुरू झाली. गाठ थोडी दबली, नंतर दबेना, नंतर वाढायला लागली. औषध बदललं. काढूनही पाहिली. वर्ष फिरलं तेव्हा घरात दोघंच होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते दुःख चार घरांसारखं असतं. पण मध्ये एक गोष्ट घडली होती. तिसऱ्या केमोचा दिवस आणि मुलीच्या शर्यतीचा दिवस एकच आला. आई हटून बसली. "औषध पुढच्या आठवड्यातही मिळेल. शर्यत मिळणार आहे का?" डॉक्टरांनी फार ताणलं नाही, केमो आठवडाभर पुढं गेली. आई डोक्याला रुमाल बांधून तलावाच्या पायऱ्यांवर बसली आणि घसा बसेपर्यंत ओरडली.

ती गेल्यावर माणसं भेटायला येत होती. तिची थोरली बहीण, मुलीची मोठी मावशी, स्वयंपाकघरात कोणालातरी सांगत होती: "तो एक आठवडा लांबवला नसता तर... पोहण्याच्या शर्यतीपायी हो!" मावशी दुष्ट नव्हती. तिला दुःख ठेवायला जागा हवी होती, तिनं समोर दिसली तिथं ठेवलं. पण दारात मुलगी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या.

 तेव्हापासून ती तलावावर जायची थांबली. काकांनी दोन-तीनदा विचारलं. ती म्हणाली, अभ्यास आहे. मासोळी हे नाव घरातून कधी गेलं, कोणालाच कळलं नाही. पुढं ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत लागली. दिवसभर बाटल्यांमधलं पाणी तपासायची. स्वतः पाण्यात उतरायची नाही. सहली समुद्रावर गेल्या, की ही चपला सांभाळायला काठावर.

बापलेकीत अबोला नव्हता. बोलणं भरपूर होतं. त्यात फक्त एक आठवडा वगळलेला होता.

काका निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांना परत बोलावणं आलं. रुग्णालयात एक संशोधक डॉक्टर आली होती, वयानं त्यांच्या लेकीएवढी. तिला जुने ब्लॉक कापून हवे होते. जुनं मेण कोरडं पडतं, ठिसूळ होतं. नव्या मुलांच्या हातात त्याचा चुरा होत होता. आणि जुने ब्लॉक जागेवर होते याचं कारणही काकाच. जागा करायला जुने खण रिकामे करा, असा हुकूम निघाला तेव्हा त्यांनी एक कपाट 'नंतर बघू' म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. नंतर कोणी बघितलं नाही. त्या कपाटात बायकोचाही ब्लॉक होता. काकांनी तोही बघितला नाही. आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

यंत्र नवं होतं. पातं वापरून फेकायचं, त्यामुळे सकाळचा सर्र-सर्र आवाज गेला होता. जाडीची चकती जुन्या यंत्रापेक्षा उलट्या दिशेनं फिरायची. जुन्यावर डावीकडे पातळ, नव्यावर उजवीकडे. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, सवयीनं फिरवू नका. आकडा बघून फिरवा." काका चष्मा नाकावर ओढून प्रत्येक वेळी आकडा बघायचे. कामं चोख निघत होती.

चहाच्या वेळी एकदा त्यांनी विचारलं, "या पापुद्र्यांत तुम्ही शोधता काय? गाठीच्या पेशी तर आमच्या वेळीही दिसायच्या."

"गाठीच्या पेशी नाही बघत मी, काका. त्यांच्यात घुसलेल्या दुसऱ्या. आपल्याच."

"आपल्या म्हणजे? सैनिक पेशी? त्या दिसल्या की आमचे जुने साहेब खूश व्हायचे. म्हणायचे, पहारा चांगला आहे."

"सगळेच काही चुकत नव्हते. काही पेशी खरंच लढतात. पण एक जात आहे, भक्षक पेशी. अंगात कुठं जखम झाली, की या धावतात, मेलेलं गिळतात, तुटलेलं सांधतात. सफाई कामगार म्हणा, गवंडी म्हणा. गाठ म्हणजे त्यांना न भरणारी जखम वाटते. त्या येतात, राहतात आणि गाठीच्या सांगण्यावरून कामाला लागतात. केमोनं गाठीची पडझड केली, की या मागून दुरुस्ती करतात. तिला जगायचे निरोप देतात, नवी रक्तवाहिनी आणून देतात. बाहेरून औषध पाडतं, आतून या बांधतात."

"कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा की."

"नाही ना, खाल्लं असतं तर बरं. कुंपणानं शेत राखलं. चोराचं."

काका हसले. मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आणि ही गर्दी केव्हा जमते? औषध लांबलं, की जमते?"

डॉक्टरनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "औषधानंतर वाढते कधी कधी. पण पुष्कळांत आधीपासून असते. म्हणूनच मला केमोच्या आधीचे ब्लॉक हवेत. आधीच जिथं दाटी होती, तिथं औषध कमी चाललं का, हे बघायचंय. जुन्या गुलाबी-जांभळ्या रंगात त्या ओळखू यायच्या नाहीत नीट. आता तपकिरी रंग देता येतो, फक्त त्यांनाच. पण का विचारताय?"

"एक ब्लॉक माझ्या घरातला आहे," काका म्हणाले.

डॉक्टरसमोर नुसते आकडे होते. कोणता कोणाचा हे तिला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं, घरच्यांची संमती लागेल, आणि कापायचं काम दुसऱ्याला देऊ. काका म्हणाले, संमती आणतो, कापीन मीच. सुईनं काढलेला तुकडा, शेवयाच्या काडीएवढा. निदान करताना निम्मा खर्च झालेला. दुसऱ्याच्या हातात तो पहिल्या दोन फेऱ्यांत संपला असता.

लेकीला सांगणं याहून अवघड होतं. ती त्यांच्याकडे आली होती, ओट्यापाशी भांडी पुसत उभी होती.

"आईचा पहिला ब्लॉक आहे अजून. तपासता येईल."

"कशासाठी?"

"औषध का चाललं नाही, ते थोडंफार कळेल."

तिनं भांडं पुसायचं थांबवलं नाही. "बाबा, मला माहितीये का चाललं नाही."

"तुला माहीत नाही. मावशी बोलली, ते तू ऐकलंस. तिला कोणी सांगितलं होतं?"

इतक्या वर्षांत ही गोष्ट घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली गेली. मुलगी वळली. "आणि त्यात उलटं निघालं तर? तिथं काहीच नसलं, सगळं स्वच्छ निघालं तर? मग मी काय करू? आत्ता निदान शंका तरी आहे. शंकेवर माणूस जगतो, बाबा."

काकांनी तिच्या हातातलं भांडं घेऊन फळीवर ठेवलं. मग म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर आहे. उलटं निघू शकतं. मी तुला नको म्हणायची मोकळीक देतो. पण मग स्वतःच्या गळ्यात घालू नकोस तो आठवडा. तो तिनं मागून घेतला होता, तू नाही."

तिनं संमती दिली. सही करून कागद पुढं सरकवला आणि म्हणाली, "मी येणार बघायला. तुम्ही सांगाल ते मला नको. तुम्ही खोटं बोलाल."

"बोललो असतो," काका म्हणाले.

त्या सकाळी त्यांनी ब्लॉक बर्फावर ठेवला, कडक झाला तेव्हा यंत्रात चढवला. मेण पिवळं पडलं होतं. आत ती काडी, फिकट, मधेच तुटलेली. कोरड्या ब्लॉकचा पृष्ठभाग आधी सपाट करावा लागतो; त्यासाठी जरा जाड काप काढायचे, मग जाडी उतरवायची. काकांनी दोन काप काढले. काडीचा काठ वर आला. आता पातळ करायचं. हात चकतीकडे गेला.

आजवर इतरांच्या ब्लॉकांना त्यांची नजर आकड्यावर असायची. आज ती ब्लॉकवर होती. हातानं सवयीनं चकती डावीकडे फिरवली. चाक फिरलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. फीत आलीच नाही. पात्यावर गोल वळलेल्या जाड साली पडल्या, पेन्सिलीला टोक काढताना पडतात तशा.

काकांना कळायला एक श्वास लागला. त्यांनी चाकाला खीळ घातली, हात मांडीवर ठेवले आणि तसेच बसून राहिले. आयुष्यभरात नवशिक्यांना ज्यासाठी रागावले, तेच झालं होतं. शेजारच्या टेबलावरची नवी सहकारी काहीतरी विचारत होती. चाक थांबलेलं होतं, तरी त्यांनी उत्तर दिलं नाही.

डॉक्टर आली, तिनं आकडा बघितला, साली बघितल्या. "किती उरलंय?"

"नखाएवढी जाडी. असेल किंवा नसेल."

"मी दुसऱ्या कोणाला..."

"नको. आता हात शुद्धीवर आलाय."

त्यांनी चष्मा पुसला. बायकोनंच एकदा सांगितलं होतं, काच कितीही चांगली असली तरी बघायचं माणसालाच असतं. चकती उजवीकडे फिरवली, आकडा बघितला, पुन्हा बघितला. श्वास धरला. चार पापुद्रे धड निघाले, पाचवा फाटला, त्यानंतर नुसतं मेण. त्यांनी ती फीत कोमट पाण्यावर सोडली. सुरकुत्या हळूहळू उलगडल्या. बायकोला पाण्यावर बघायचा हा असा प्रसंग येईल, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. आलं तेव्हा काच खाली घालायची वेळ झाली होती.

जाड साली त्यांनी कुंचल्यानं गोळा केल्या आणि रोजच्या डब्यात टाकल्या. तिथं दुसरं काही करत नाहीत.

रंग देऊन काचा तयार झाल्या तेव्हा लेक आली. प्रयोगशाळेतल्या माणसासारखी सरळ सूक्ष्मदर्शकावर बसली, डोळ्यांच्या अंतराप्रमाणे नळ्या जुळवल्या. डॉक्टर शेजारी, काका मागे.

"निळसर दाणे दिसतायत ते गाठीचे," डॉक्टर म्हणाली. "आता तपकिरी बघा."

मुलगी बघत राहिली. काच सरकवली, पुन्हा बघितलं. "कुठल्या कुठल्या बघू? सगळीकडेच आहेत."

"हो. दाटी आहे. मी आतापर्यंत पाहिलेल्यांत वरच्या रांगेतली."

"आणि हे केमोच्या आधीचं? नक्की?"

"नक्की. हा तुकडा काढला तेव्हा औषधाचा थेंबही गेला नव्हता."

मुलीनं डोळे नळ्यांवरून काढले नाहीत. "मग मला सरळ सांगा. माझ्या शर्यतीपायी तिची एक केमो आठवडाभर लांबली. ती लांबली नसती, तर आई जगली असती का?"

डॉक्टर म्हणाली, "एका माणसाबद्दल शपथेवर कोणीच सांगू शकत नाही. मी सांगितलं तर ते खोटं असेल. आणि ही दाटी असली की औषध हरतंच, असंही नाही. माझं काम अजून अर्धं आहे. पण दोन गोष्टी सांगते. रक्तातल्या पेशी कमी भरल्या, की आम्ही डॉक्टरच केमो आठवडाभर पुढं ढकलतो, पुष्कळांची. आणि तुम्ही बघताय ती गर्दी तुमच्या शर्यतीच्या आधीपासून तिथं बसलेली होती. गाठीची बाजू घेऊन बसलेली असावी, असं मला वाटतं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच."

मुलगी आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग उठली, रुमाल काढला, नाक पुसलं आणि म्हणाली, "पापुद्रा चांगला कापलाय."

"दहा निघाले असते," काका म्हणाले. "बारासुद्धा. मी चकती उलटी फिरवली. निम्म्याहून जास्त वाया घालवलं मी."

"तुम्ही?"

"मीच."

तिनं बापाकडे बघितलं. तिच्या लहानपणापासून तिनं ऐकलं होतं, की त्यांचा हात चुकत नाही. ती हसू दाबत होती की रडू, ते काकांना कळलं नाही. "मग आता मोठ्या मावशीला सांगू का, तुम्ही काय केलंत ते?"

"सांग. तेवढंच तिला नवीन काहीतरी."

ते दोघं बाहेर पडले. संध्याकाळची उन्हं तिरपी झाली होती, कामावरून सुटलेली माणसं रस्त्यावर होती. बसथांब्याच्या बाकावर जागा होती, बसले. बस येत नव्हती. मुलगी म्हणाली, "त्या दिवशी माझा नंबर पाचवा आला होता."

"चौथा," काका म्हणाले.

"पाचवा, बाबा. फळ्यावर लिहिलं होतं."

"फळ्यावर पाचवा होता. तिसऱ्या पट्ट्यातल्या पोरीनं शिट्टीच्या आधी उडी मारली होती. ती धरायची नाही, असं तुझ्या आईचं म्हणणं. पंचाशी भांडायला निघाली होती ती, रुमाल सावरत. मी दंडाला धरून खाली बसवलं. म्हणाली, तुम्ही घाबरट आहात, माझी मासोळी चौथी आहे."

मुलगी समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "मला कोणी सांगितलंच नाही हे."

"तू विचारलं नाहीस."

"तिसऱ्या पट्ट्यातली म्हणजे लाल टोपीवाली?"

"लाल."

"मारलीच होती तिनं आधी उडी," मुलगी म्हणाली. "मला काठावरून दिसलं होतं. नंबराच्या काचा होत्या ना."

बस आली आणि गेली. लाल टोपीवालीनं नेमकी किती आधी उडी मारली, यावर त्यांचा वाद चालू होता.